टाकीचं पाणी आणि गच्चीवरची ज्वारी

आधी तारीख लिहून घ्या ताई, एकतीस डिसेंबर, अन् मग हजर कोण कोण ते लिहा. ठिकाण आमच्या इमारतीची गच्ची, उस्मानपुरा. हजर मी, म्हणजे शोभा, मंगल कार्यालयातली भांडारवाली, इमारतीच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडं. तुम्ही, लिहिणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरचे अनंतकाका, तहसीलमधून रिटायर झालेले, अन् त्यांच्या सुमनकाकू, गुडघ्यामुळं खुर्चीवर. दुसऱ्या मजल्यावरचे बोराडे येतो म्हणले, आले नाहीत. प्लंबर रोज येतोच म्हणतो, गैरहजर. असं लिहिलेलं बरं असतं, नंतर कोणी म्हणायला नको की मला कोणी सांगितलंच नाही. अन् एक विचारते, राग मानू नका, माझ्यासारखीचं आयुष्य लिहून घेऊन तुम्हाला काय मिळणार? काहीच नाय? काहीच मिळणार नसताना कोणी एवढे जिने चढत नाही, पण असू द्या, लिहा.

माझं माहेर पैठणच्या अलीकडं, गोदाकाठची काळी जमीन, वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा लई कमी बोलायचे. शेतात गेले की आधी खाली बसायचे, मूठभर माती घ्यायचे, दाबायचे, सोडायचे, अन् मग काय करायचं ते ठरवायचे. थंडीत हुरड्याला पाव्हणे यायचे, आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची अन् भाजली की गरम गरम हातावर चोळून दाणे काढायचे, ते काम माझं. दादा म्हणायचे शोभीला बसवा चोळायला, तिच्या हातून एक दाणा कच्चा जात नाही अन् एक टोचरं कूस राहत नाही. मी स्वतः खायची सगळ्यात शेवटी, पाव्हण्यांचं झाल्यावर, तोवर दही संपलेलं असायचं. मग लग्न झालं, इथं आले, मालक वाळूजला कंपनीत होते, चांगला माणूस, मुलगी अश्विनी दहावीला होती तेव्हा गेले, एका सकाळी छातीत दुखतंय म्हणले अन् संपलं. ते मी जास्त सांगत नाही. कामाला लागले, ते सांगते.

मंगल कार्यालयात भांडार माझ्या ताब्यात. ताटं, वाट्या, पातेली, गाद्या, सगळं गिनती करून द्यायचं अन् गिनती करून घ्यायचं. काय सांगू तुम्हाला, माणूस कसा असतो ते मी तिथं पाह्यलं. अंगावर सोनं, चांगल्या घरच्या बाया, हसून बोलतात, अन् निघताना पिशवी वाजली की आत आमचे चमचे. एका मामांनी तर पाण्याचा जग कोटाच्या आत धरला होता, मी म्हणलं मामा पोटात दुखतंय का, तर म्हणले गॅस झालाय. म्हणून माझा एक नियम, पार्टीचं काही खायचं नाही. लाडू आणून देतात, अहो ताई घ्या की, शुभकार्याचा आहे. मी घेत नाही. एकदा लाडू तोंडात गेला की चमचे कुठंत हे त्याच तोंडानं विचारता येत नाही. इतकी वर्षं झाली, मी त्या कार्यालयात डबा घेऊन जाते, माझी पोळी, माझी भाजी. लोक म्हणतात शोभाबाई खडूस आहे. आहे.

आता मधीच आमच्या अश्विनीचं सांगते, ती पुण्याला असते. डिसेंबर लागला अन् तिचा मेसेज आला, आई, वर्ष संपतंय, ज्या ज्या छोट्या गोष्टींनी तुला आनंद झाला त्याची यादी करून मला पाठव, मी माझी करतेय. मी म्हणलं हे कोणी काढलं? तिला कुठं काही होतंय का, नवऱ्याशी बिनसलं का, एकदम आनंदाचं कामून विचारायला लागली? फोन करून विचारलं, ती हसली, म्हणली आई तुला आनंदाचा पण संशय येतो. आता यादी म्हणलं की मला राहवत नाही, बसले लिहायला. टाकी धुऊन घेतली. जिन्यातला बल्ब बदलला. गहू ऊन दाखवून भरले. तिला पाठवलं, तर म्हणे ही कामं झाली, आनंद लिही. मी म्हणलं काम झालं की बरं वाटतं, आणखी काय पायजे? पण खरं सांगू, रात्री अंथरुणावर पडून शोधत होते अन् सापडत नव्हतं. म्हणून तिच्यावरच चिडले.

अन् नेमकं त्याच वेळेला टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

आमच्या इकडं नळाचं तुम्हाला माहीतच आहे, आठवड्यानं आलं तर आलं. आलं की खालचा हौद भरायचा, मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं, अन् ते पुढचं पाणी येईपर्यंत सगळ्यांनी पुरवायचं. मोटरची किल्ली माझ्याकडं. मी टाकीत काठी घालून बघते सकाळ-संध्याकाळ, कुठवर ओली झाली ते. तर सकाळची काठी अन् संध्याकाळची काठी जुळंना. सगळे कामावर गेलेले, नळ बंद, अन् पाणी तरी उतरतंय. कोणीतरी घेतंय म्हणजे घेतंय.

कोण घेणार? गच्चीवर कोण असतं दिवसभर? अनंतकाका. हे बघा, ते निळे ड्रम. पावसाळा सरता सरता त्यांनी कंपनीतल्या भंगारातून ड्रम आणले, अर्धे कापले, दौलताबादकडून काळी माती आणली टेम्पोनं, अन् त्यात पेरली ज्वारी. ज्वारी! गुलाब नाही, तुळस नाही. मी विचारलं काका हे काय, तर म्हणले अहो शोभाताई, जन्मभर लोकांच्या जमिनींचे फेरफार लिहिले, याचं नाव लाव, त्याचं नाव काढ, माझ्या स्वतःच्या नावावर गुंठा नाही. आता ही माझी शेती. सुमनकाकू खुर्चीवरून म्हणतात, अन् मी यांची मजूर. तो माणूस रोज सकाळी इथं यायचा अन् जाताना हसत जायचा. जिन्यात भेटला की हसतोय. माझ्या दारात मेथीची जुडी ठेवली एकदा, कडेच्या ड्रमात लावली होती म्हणे. मी मनात म्हणलं, पाणी आमचं, मेथी आमच्याच पाण्याची, अन् वरून हसू. जुडी परत नेऊन दिली.

मीटिंग घेतली मग. बोराडे सगळ्यात मोठ्यानं बोलले, लोकांना आंघोळीला पाणी नाही अन् इथं बागायत चाललीय का? अनंतकाका उभे राहिले, म्हणले मी टाकीचं पाणी घालत नाही. बोराडे म्हणले मग पीक काय हवेवर आलं? सगळे हसले. मी पण हसले. काका म्हणले बरं, निदान संक्रांतीपर्यंत थांबा, कणसं दुधात आलीत, एवढा हुरडा होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं ड्रम नेऊन टाकतो. कोणी ऐकलं नाही. ठराव झाला, एकतीस डिसेंबरपर्यंत गच्ची मोकळी करणे, जबाबदारी शोभाताई. माझ्याच हातानं लिहिलाय. काका खाली बसले, अन् काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, ते मी बघितलं, बघून कागदात मान घातली.

ठराव झाला तरी माझं समाधान होईना. पुरावा पायजे ना. चमचा पिशवीत दिसल्याशिवाय मी कोणाला चोर म्हणत नाही. म्हणून एका पहाटे पाणी चढवून झालं अन् मी खाली गेलेच नाही, शाल गुंडाळून टाकीच्या मागं बसले. थंडी कडाक्याची. मनात म्हणलं आज धरते. उजाडायला काका आले, हातात चहाची जुनी किटली. किटलीत तांदूळ धुतलेलं पाणी, ते त्यांनी मेथीला घातलं, संपलं. टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. मग ते ज्वारीपाशी गेले अन् पानावरून नुसता तळहात फिरवला, हात ओला झाला, तो तोंडाला लावला. दव. काकूंना खाली आवाज दिला, अगं आज भरपूर पडलंय, चिंता नाही.

ते गेल्यावर मी उठले. तरी म्हणलं एका दिवसानं काय सिद्ध होतं. ड्रमपाशी खाली बसले अन् माती मुठीत घेतली. वरची माती भेगाळलेली, कोरडी, आत बोटभर गेलं की जराशी ओल. रोज टाकीचं पाणी घातलं असतं तर चिखल झाला असता, पानं पिवळी पडली असती. पान हिरवंगार, रुंद. अन् तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दादांसारखी बसलेय. अहो, रब्बीची ज्वारी दवावर अन् जमिनीतल्या ओलीवर येते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. दादांनी कधी ज्वारीला पाण्याचे बारे दिले नाहीत. मीटिंगला बसलेले निम्मे शेतकऱ्याच्या पोटचे, बोराडेंची तर गावाकडं अजून शेती आहे, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही. पीक हवेवर आलं का म्हणून हसले. व्हय, जवळपास हवेवरच आलं होतं. बामणाच्या घरातला कारकून, त्याला कळलं, अन् मी पाकिटातलं पीठ खाऊन खाऊन विसरले.

मग पाणी कुठं जातं? ते अजून आहेच. बोराडे रविवारी पाइप लावून गाडी धुतात, ती नजर मी ठेवलीय. प्लंबर म्हणतो टाकीच्या बुडाच्या व्हॉल्व्हमधून झिरपत असेल, पण तो न बघताच सांगतो, त्याचंही मला खरं वाटत नाही.

काकांना मी काही बोलले नाही. काय बोलणार? ठराव ठराव असतो. आज दुपारी ड्रम न्यायला हातगाडीवाला बोलावून ठेवला होता मीच, तो आला, खालून हाका मारायला लागला. काका जिन्यात येऊन उभे राहिले, एका हातात विळा, दुसऱ्यात एक कणीस. म्हणले शोभाताई, निदान कणसं कापून घेऊ द्या, कच्ची तर कच्ची, कबुतरांना तरी टाकीन. त्यांच्या हातातलं कणीस मी घेतलं, नखानं दाणा दाबला. दूध गेलं होतं, दाणा भरला होता, नख रुतत होतं पण दाणा फुटत नव्हता. हुरड्याला याच्यापेक्षा नेमका दाणा नसतो. पुन्हा तीन-चार दिवसांनी तो निब्बर होणार. मी म्हणलं काका, हे कच्चं नाही, हे आजच आहे. अन् जिन्यातून खाली वाकून हातगाडीवाल्याला म्हणलं, आज नको, मी सांगते तेव्हा ये. तो म्हणला बाई खामखा बोलावलं का, भाडं बुडालं. मी म्हणलं वर ये अन् हुरडा खा, तर तो निघूनच गेला, त्याला वाटलं मी त्याला कामाला लावते.

त्यानंतरचं तुम्ही स्वतः बघितलंत, लिहून घ्या तसं. घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, काकूंनी शेंगदाण्याची चटणी अन् दही आणलं. अन् काका कणीस चोळायला बसले, अरे देवा, एका हातातून दुसऱ्या हातात उडवतायत, फुंकतायत, अर्धे दाणे कुसासकट खाली. काकू म्हणतात अहो फाइल नाही ती, फेरफार करू नका. मला बघवंना. मी म्हणलं द्या इकडं, शिक्के मारायचे हात ते. अन् घेतलं. भाजलं हाताला, पण हात विसरले नव्हते ताई. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, फुंकर मारली, तळहातावर नुसते हिरवे दाणे.

ते मी काकूंच्या वाटीत टाकले. काका म्हणले तुम्ही आधी घ्या. मी म्हणलं मी घेत नाही, ठराव माझ्याकडं आहे. तर हा माणूस काय म्हणतो, अहो मग तपासून बघा, तपासायचा तर अधिकार आहे ना तुमचा. तहसीलात आयुष्य गेलं, बोलायला कोण हरवणार. मी दोन दाणे घेतले, तपासायला. मग चार. मग दह्याबरोबर कसं लागतं ते पण बघावं लागतं. दही संपायच्या आधी मी हुरडा खाल्लाय असं आजवर झालं नव्हतं.

अश्विनीचा व्हिडिओ कॉल येऊन गेला मघाशी, आई यादी कुठंय, वर्ष संपलं की. मी म्हणलं तपासणी चालू आहे. ती म्हणली आई तू कुठंयस, कसला धूर दिसतोय, कोण हसतंय तिथं? आता तिला संशय येतोय. येऊ द्या.

तुम्ही सुखी राहा, अन् हे घ्या, पदर पसरा, रुमाल पसरा, तुमच्याकडं कोणी चोळून देणार नाही. काकांनी आत्ताच मला विचारलं की पुढच्या सालाला एक ड्रम वाढवला तर चालेल का. मी पुढचं कणीस आरात खुपसलं. बोराडे जिन्यात येतायत वाटतं, चपलेचा आवाज त्यांचाच. विचारतील, ठरावाचं काय झालं. तर शेवटी असं लिहा, गच्ची मोकळी करणे, मुदत आजची, जबाबदारी शोभा. काम बाकी.