चावी दिली, रिंग ठिवली

चहा जरा निवू द्या राव, आधी ह्ये ऐका. आखातात मी ट्रेलर चालवायचो. तिकडं जुन्या मालकानं सोडल्याचा कागद दिल्याबिगर नवा मालक ठिवून घेत नाय. शेवटच्या दिशी मी गाडी लावली, हापिसात चावी टेबलावर ठिवली, आन् कागदाची वाट बघत बसलो. काचंबाहेर उन्हात वाळू नुसती तरंगत व्हती. बघता बघता त्यात मला आमच्या खोडद गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या अँटेना दिसाय लागल्या, समद्या मिळून हळूच आभाळाकडं वळणाऱ्या.

"चावीची रिंग कुठंय?" कारकून खेकसला. "पंपावर डिझेल भरायचा टॅग तिलाच असतो. त्याबिगर कागद निघायचा नाय."

रिंग माझ्या खिशात व्हती. कवा काढून घेतली, मला बी कळलं न्हवतं.

आतनं म्हातारा अरब मालक आला. "का ठेवलीस?"

मी मोडक्या अरबीत म्हणलं, "आमच्यात बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाय. बेल्ह्याच्या बाजारातनं वडील दावं तेवढं खांद्यावर टाकून घरी यायचे. नायतर गोठ्याची बरकत जाती."

म्हाताऱ्यानं टॅग सोडवला, रिंग माझ्या हातात दिली, कागदावर सही केली. आन् माझ्या गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा व्हता, त्याच्याकडं बोट केलं.

"गाडी तर हितंच हाय. गोठ्यातनं चाललास तू. दावं मला दे."