बाबांच्या बाजूचा पडदा

न्यूलिनच्या लिलावघराबाहेरची रांग हलत नव्हती. घड्याळ विकायला आलेल्या जेन्नाच्या पुढेच दोघी म्हाताऱ्या बहिणी आईच्या पलंगाभोवतीचे पडदे उलगडून वाद घालत होत्या.

“लव्हडे, पणजीच्या झग्यांचं कापड आहे हे. असली छपाई आता मिळायची नाही. जोडीनेच विकायचे.”

“जोडी म्हणून कोण घेईल, टॅम्सिन? आईच्या बाजूचा सगळा सारखा विटलाय. बाबांच्या बाजूच्याला नुसते विटके पट्टे. चुण्यांच्या आत गुलाब बघ, अजून लालभडक.”

“तो कधी ओढलाच नाही ना. कड्या अडकतात म्हणून आई कायम बाजूला सारून ठेवायची.”

“कधीपासून गं?”

“बाबांची होडी परत आली नाही, त्या हिवाळ्यापासून. त्या उघड्या बाजूने दारातला गार वारा थेट तिच्या अंगावर यायचा. मी किती म्हटलं, लोहाराला बोलाव. तर म्हणे, असू दे, सवय झाली.”

“सकाळी पडदे मीच उतरवले.”

“मग?”

“कड्या एका बोटाने सरकल्या गं.”

रांग पुढे गेली. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत; जेन्नाही घड्याळ घेऊन त्यांच्या मागेच थांबली.