कोरड्या खोलीतला वास

वास येतो म्हणे! आमच्या पाकिटांना! तुम्हाला सांगते, चौतीस वर्षं झाली, किनाऱ्यावरच्या चार हॉस्पिटलांच्या फार्मसीत आमच्याच घरची पाकिटं जातात, गोळ्यांची, आठवड्याची, सात दिवस आणि दिवसाला चार घरं, सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना, म्हणजे अठ्ठावीस घरं, त्यात फार्मसीवाल्यांनी गोळ्या टाकायच्या, मागून पुठ्ठा दाबायचा की झालं, म्हाताऱ्या माणसाला कोणाला काही विचारायला नको... आणि चौतीस वर्षांत एक तक्रार नाही हो! एकदा शुक्रवार दोनदा छापला गेला, तोसुद्धा आम्हीच पकडला आणि आम्हीच जाळला. आणि आता सोमवारी सकाळी पत्र येतं, ‘आपल्या मालाला वास येतो. गुरुवारी तपासणीला माणूस येईल. समाधान झालं नाही तर यंदाचा करार होणार नाही.’

कसला वास, ते लिहायला नको? ‘वास.’ संपलं!

करार नाही म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला? चार हॉस्पिटलं सोडून आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही. ती गेली की माझा नवरा रेन्झो घरी, नणंद मिरेल्ला घरी, छपाईचं यंत्र भंगारात, आणि दारावरची ती पाटी, ‘ओत्ताविओ पिव्हेट्टा आणि मुलं’, ती उतरवायची कोणी? ओत्ताविओ म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे पापा म्हणतो. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘लोरेटा, पोरी, क्वीन्सलंडच्या या कोपऱ्यात आठ महिने पाऊस आणि चार महिने ओल. इथे ऊस वाढतो आणि बुरशी वाढते. एवढं लक्षात ठेव, कोरडं ते टिकतं!’ मला वाटलं, संसाराबद्दल सांगतायत. ते पुठ्ठ्याबद्दल सांगत होते.

कारण पुठ्ठ्याला मागून चिकट असतं, आणि ओल लागली की चिकट सुटतं, मग मंगळवारची गोळी गुरुवारात जाऊन बसते. म्हणून घराच्या मागच्या अंगाला पुठ्ठ्यांची एक खोली. गार, कोरडी, हवेतला ओलावा ओढणारं यंत्र कायम चालू. घरात माणसं घामाने निथळतायत आणि पुठ्ठे बसलेत राजासारखे! तर त्या खोलीत मी गेले, पत्र हातात, डोळे मिटले, लांब श्वास घेतला... काही नाही! हवा! नुसती स्वच्छ हवा! रेन्झोला हाक मारली.

‘रेन्झो, वास येतोय?’

‘कसला?’

‘ते माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?’

मान वर करून हुंगलं त्याने, असं, इकडे तिकडे. ‘नाही गं. उलट बरं वाटतंय इथे. भूक लागल्यासारखं.’

आता नवऱ्याला भूक लागली यात बायकोने काय लक्ष द्यायचं? त्याला गाडीत भूक लागते, चर्चमध्ये भूक लागते! पण देवा... तिथेच लक्ष द्यायला हवं होतं.

मिरेल्ला म्हणाली, ‘वहिनी, शाईचा असेल.’ शाई बदलली. ‘मग खोक्यांचा असेल.’ खोकी बाहेर काढली, पुसली, आत ठेवली. उंदीर मेला असेल म्हणून कपाटं ओढली, तर उंदीर नाहीच, रेन्झोचा हरवलेला चष्मा निघाला. फरशी सोड्याने धुतली, भिंती साबणाने धुतल्या, हात सोलवटले हो माझे! आणि पापा खुर्चीत बसून म्हणतायत, ‘पाणी कशाला ओततेस एवढं? कोरडं ते टिकतं!’

पापांचं तर मला इतकं कौतुक वाटायचं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, जूनपासून रोज सकाळी कॉफी प्यायची आणि थेट खोलीत, दार लावून, पंधरा मिनिटं. मी रेन्झोला म्हणायचे, बघ, या वयात ओलाव्याचं मीटर तपासायला जातात, शीक काहीतरी! मागच्या कोपऱ्यात छताच्या पाइपांवरून त्यांनी पांढऱ्या चादरी सोडल्या होत्या. ‘धूळ नको बसायला, पोरी. हा कोपरा मी बघतो.’ मी म्हटलं, किती ही काळजी! आणि तुम्हाला सांगते, त्या चादरी मीच धुऊन दिल्या होत्या. इस्त्री करून!

बुधवारी मी रडकुंडीला आले. चर्चमधून फादर सांतींना बोलावलं. म्हटलं, तुमचं नाक तरी आमच्या घरचं नाही. ते खोलीत उभे राहिले, छातीवर हात ठेवला, म्हणाले, ‘लोरेटा, मला तर माझ्या आईच्या घरी आल्यासारखं वाटतंय.’ मला वाटलं, आशीर्वाद देतायत! मी मेणबत्ती लावली हो त्यांच्या नावाने!

गुरुवार उजाडला. तपासणी दहाला. नऊ वाजता मी समोरच्या मिसेस हॅलोरनना जाऊन हात जोडले. पन्नास वर्षं त्या घरात राहतायत, रोज बटाटे उकडून खातात, मीठसुद्धा लाजत लाजत घालतात. आल्या बिचाऱ्या. खोलीच्या दारातच थांबल्या. रुमाल नाकाला.

‘लसूण.’

‘काय?’

‘लसूण गं! मरणाचा लसूण!’

‘कुठे?’

‘कुठे काय? तुझ्या खोलीत, तुझ्या केसांत, तुझ्या गाडीत! पन्नास वर्षं तुमच्या घरातून येतोय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे!’

आता बोला! पन्नास वर्षं! आम्हाला कोण सांगणार? फादर सांतींच्या आईकडे तोच, मिरेल्लाच्या सासरी तोच. आमच्या नाकाला लसूण हा वास नव्हेच हो, हवा आहे ती! पण घरातला लसूण पुठ्ठ्यांच्या खोलीत आला कसा? मी हळूच मान वळवली... चादरी...

तुम्हाला माहीतच आहे, इथल्या हिवाळ्यात, जून-जुलैच्या गारठ्यात, आम्हा इटालियन लोकांकडे प्रत्येक घरी डुक्कर घेतात, सगळं कुटुंब बसतं, मांस, मिरी, वाइन, लसूण कालवायचा, आतड्यांत भरायचं आणि सॉसेजं खांबांवर उभ्या घराखाली वाळत टांगायची. यंदा गारठा पडलाच नाही. गावातल्या सगळ्यांची वाळवणं हिरवी पडली, माणसं एकमेकांच्या घरी सांत्वनाला जात होती! आणि पापा नुसते मान हलवून म्हणायचे, ‘आमची बरी आहेत.’ कुठे बरी आहेत, हे विचारायचं एकाला तरी सुचलं का? मला वाटलं, मिरेल्लाकडे असतील. मिरेल्लाला वाटलं, माझ्याकडे!

मी चादरीपर्यंत पोचते तोच गाडी दारात. तपासणीचे मिस्टर टीग. उंच, किडकिडीत, डोक्याला जाळी, बुटांवर पिशव्या. दारात उभे राहून एकदाच नाक ओढलं.

‘मिसेस पिव्हेट्टा, त्या चादरींमागे काय आहे?’

तेवढ्यात पापा पुढे! चेहऱ्यावर असा अभिमान, जसा नातवाच्या बाप्तिस्म्याला असतो. ‘साहेब, विचारलंत म्हणून दाखवतो.’ आणि ओढली चादर!

चव्वेचाळीस! मोजली मी! हाताएवढी लांब एकेक, ओळीने, दोरीला दोरी लावून!

‘बोट लावा साहेब, बुरशीचा ठिपका दाखवा! सगळ्या गावाचा माल सडला, या खोलीतलं एकही नाही! तुमच्या गोळ्यांना याहून चांगली खोली सापडेल का? कोरडं ते टिकतं!’

तुम्हीच सांगा, यात खोटं काय होतं? मिस्टर टीगनासुद्धा सापडलं नाही. अहवालात लिहिलं, तापमान उत्तम, ओलावा योग्य, स्वच्छता उत्तम. आणि खाली, ‘वासाचं कारण दिसलं.’ यंदाचं काम ब्रिस्बेनच्या मोठ्या कंपनीला गेलं. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले, पण आधी कुटुंबाबाहेरच्या दोन माणसांनी खोली हुंगून सही द्यायची. मी लगेच फादरांचं नाव सुचवलं, तर त्यांच्याच हाताने लिहिलंय, ‘फादर सांती चालणार नाहीत.’

गाडी गेली. पापा एका खोक्यावर बसले. मग म्हणाले, ‘पोरी, पाटी उतरवायची का गं?’ ज्याने हा वास लावला त्याच्याशी भांडायला मी तीन दिवस मनात काय काय जुळवून ठेवलं होतं, तुम्हाला सांगते, सगळं विसरले. म्हटलं, ‘पापा, शिडी कोणाकडे आहे आत्ता? जेवायला चला.’

तर आता हे असं चाललंय. हॉस्पिटलांनी परत पाठवलेली नऊ हजार पाकिटं, आणि चव्वेचाळीस सॉसेजं, गावात फक्त आमची टिकलेली! पापा चकत्या कापतात, रेन्झो घरांत टाकतो आणि मधूनच तोंडात टाकतो, मिरेल्ला पुठ्ठा दाबते, आणि गावातली माणसं दारात रांग लावून आठवड्याचं पाकीट घेऊन जातात. मिसेस हॅलोरननीसुद्धा नेलं एक. खिडकीबाहेर ठेवणार म्हणाल्या.

आणि मी? मी तपासते हो, एकेक पाकीट. शुक्रवार एकच आहे ना, घरं अठ्ठावीस आहेत ना... सवय जात नाही. फक्त ‘झोपताना’च्या घरात अर्धीच चकती ठेवायला सांगितलीय.

झोपताना लसूण जड पडतो ना...