सरोजनगरमधल्या खडूच्या खुणा

मी जोविटा युजीन मिस्किटा, वय २८ वर्षे, काम विद्यापीठात शहर नियोजन विषयात पीएच.डी.चे संशोधन, राहणार चरई, ठाणे. आज दि. ११/०२/२०२५ रोजी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते असे. कामाच्या रकान्यात हवालदारांनी आधी 'विद्यार्थिनी' लिहिले होते, ते मी बदलायला लावले.

ठाकुर्ली पूर्वेस सरोजनगर ही सुमारे साडेआठशे घरांची वस्ती आहे. तिच्या पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. अशा वेळी कोणाला घर मिळते आणि कोण बाहेर फेकले जाते, हा माझा विषय. तीन महिने मी तिथे जाते. वस्तीतल्या नंदा भोईर मला घरे दाखवतात. गंगुबाई कुंडलिक साबळे, वय ६७, एकट्या राहतात. माझी बॅग त्यांच्याकडे असते, दुपारचे जेवणही तिथेच होते.

दि. ०३/०२ रोजी सकाळी दहाला मी फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली. दर सातवे घर घ्यायचे, अशी पद्धत आहे. घर चुकू नये म्हणून निवडलेल्या दाराच्या चौकटीवर मी खडूने गोल काढत होते. नंदाताई म्हणाल्या, "मॅडम, खडू नका मारू. इथे दारावर निशाणी पडली की लोकांना वाटतं यादीत नाव आलं, घर लागलं." मी म्हटले, खडूच तर आहे, पुसून जाईल.

दि. ०६/०२ रोजी गेले तर चार नंबर गल्लीत जवळपास प्रत्येक दारावर गोल होता. लोकांनी आपापल्या हातांनी काढले होते. मला भयंकर राग आला. माझी निवड बिघडली, एवढेच तेव्हा दिसत होते. मी यादी हातात धरून जास्तीचे गोल ओल्या फडक्याने पुसले. लोक दारात उभे राहून बघत होते. गंगुबाईंचे घर सहावे येते, निवडीत नाही. त्यांचाही गोल पुसला. त्या म्हणाल्या, "पूस बाई, तुझं काम हाय." फडके त्यांनीच दिले होते.

दि. ०८/०२ रोजी दुपारी मी विद्यापीठात असताना एक इसम वस्तीत आला. वय अंदाजे पस्तीस, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी. "मॅडमनी पाठवलंय. पुसलेली नावं परत चढवायचीयत, ओरिजिनल पेपर द्या," असे तो म्हणाल्याचे मला नंदाताईंकडून समजले. अकरा घरांनी कागद दिले. गंगुबाईंनी जुने रेशनकार्ड, वीजबिल व मयत पतीच्या नावाचा झोपडीचा सरकारी फोटोपास दिला. झेरॉक्स काढलेली नाही. तो इसम परत आलेला नाही. मी कोणालाही पाठवले नव्हते व त्याला ओळखत नाही. कागद मिळाले नाहीत तर गंगुबाई अपात्र ठरतील आणि घर जाईल.

तुमचा कोणावर संशय आहे काय, असे विचारले. माझा संशय नाही. पण खडू माझा आणि पुसणेही माझे, त्या माणसाने नुसते येऊन उभे राहायचे बाकी होते. हवालदार म्हणाले, असे लिहीत नाहीत. मी लिहा म्हटले.

काल दिवसभर मी माझे फॉर्म आणि तीन महिन्यांच्या वह्या चाळल्या. गंगुबाई तिथे किती वर्षे राहतात याची कुठेतरी नोंद सापडेल, असे वाटत होते. गटार, नळाची वेळ, रिक्षा स्टँड, सगळे सापडले. त्यांचे नाव एकदाही नाही. रोज त्यांच्या हातचे जेवले आणि त्यांना एक प्रश्न विचारला नाही. मला स्वतःची लाज वाटते.

गंगुबाई कुंडलिक साबळे या सरोजनगर, गल्ली नं. ४ मधील घरात राहतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. या जबाबाची नक्कल त्यांना मिळावी.

जबाब मला वाचून दाखवला. पहिल्या वाचनात गंगुबाई तिथे राहतात हे वाक्य नव्हते. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, असे सांगण्यात आले. मी सही केली नाही. पाऊण तास बाकावर बसून राहिले. आता वाक्य घातले आहे, पुन्हा वाचून घेतले, मी सांगितले तसेच आहे. म्हणून सही करते.