लिफ्टवाल्या काकांची फाईल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे किरणोपचार विभागाचे आपले मोठे सर, त्यांच्या सौभाग्यवती, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बायकांचे कपडे शिवते. आयोजकांनी मला दोन मिनिटं दिलीत आणि एक टाइप केलेला कागदही दिलाय. त्यात लिहिलंय, 'सरांमुळेच मी आज उभी आहे.' वाचला असता हो, पण चष्मा घरी राहिला. खरं सांगू? चष्मा पर्समध्येच आहे.

चार वर्षांपूर्वी माझा फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत गेला. तीन डाग. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून, डोकं जराही हलू न देता, नेमके त्या डागांवरच किरण सोडले. ते सरांनी केलं. मी कृतघ्न नाही. पण वर्षभरात दुसऱ्या जागी दोन नवे डाग निघाले, तेव्हा सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "परत परत तेच करण्यात काय अर्थ आहे? सरसकट सगळ्या डोक्याला देऊन टाकू. नाहीतर घरी न्या."

सरसकट दिलं तर विसरायला होतं, असं आम्ही ऐकलं होतं. मी म्हटलं, "सर, मला गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ लागतात." सर हसले. "या अवस्थेत मापं कसली घेताय?"

काय ही विद्वत्ता! एक बाही उसवली म्हणून मी कुणाचा ब्लाउज चुलीत घालत नाही.

माझं नशीब थोर, सर परदेशी परिषदेला गेले. मागे त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर, आपल्या छोट्या मॅडम, यांनी माझा नवा मुखवटा केला, कारण गोळ्यांनी गाल सुजले होते आणि जुना बसेना. त्यांनी धोकाही सांगितला, "सूज येईल, फिट येऊ शकते. तरी करू या." ते धरून आजवर मॅडमकडे तीनदा झालं. एकदा खरंच सूज आली, डावा हात लुळा पडला. आज त्याच हातात माइक आहे. आणि सर? परत आल्यावर माझाच स्कॅन स्वतःचं यश म्हणून भाषणांत दाखवू लागले. वाजवा की टाळ्या, थांबलात का?

आता शेवटचं. तिसऱ्या रांगेत कडेला लिफ्टवाले काका आणि काकू बसलेत. बावीस वर्षं काकांनी सरांना रोज तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. त्यांच्या डोक्यात पुन्हा दोन बारीक डाग आलेत. मॅडमनी उपचार आखलाय, पण परदेशाहून आल्यावर सरांनी नियमच केलाय, विभागप्रमुखांच्या सहीवाचून मशीन चालू होत नाही. फाईल अकरा दिवस टेबलावर पडून. आज सरांचा शेवटचा दिवस, नवे सर यायला महिना आहे. डाग काही कुणाच्या निरोप समारंभासाठी थांबत नाहीत. सकाळी काकू केबिनमध्ये गेल्या, तर सरांनी विचारलं, "कोण लिफ्टवाले?" आणि फाईल न उघडता त्यांच्या हातात परत दिली.

सर, मघाशी आम्ही पेशंटनी तुम्हाला सोनेरी पेन दिलं ना? ते चालतं. दुकानात मीच लिहून बघितलं होतं.

वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. काही अधिकउणं बोलले असेन, तर डोक्यावर चार वेळा किरण घेतलेली बाई म्हणून पोटात घाला. काकू, फाईल घेऊन वर या. सर सही करेपर्यंत मी माइक सोडत नाही.