बाथरूमची कडी

समुपदेशक : सगळ्याच कड्या काढल्या?

बायको : सगळ्या. मागच्या दाराची, खोल्यांच्या, कपाटाचीसुद्धा. पण पहिली काढली ती बाथरूमची. आता आमच्याकडे अंघोळीला गेलं की गाणं म्हणावं लागतं, मॅडम. गाणं चालू म्हणजे आत माणूस आहे. सासूबाईंना एकच गाणं येतं, तेही अर्धं. सात महिने ते अर्धं ऐकतोय.

फायरमन : आईचा आवाज चांगला आहे.

बायको : आणि तोंडाला साबण लावताना क्षणभर गप्प बसले, की हे लगेच दार ढकलून आत! परवा सूनबाई आली. चार तास बसली, पाण्याचा घोट घेतला नाही. का ते तुम्हाला कळलं असेल.

समुपदेशक : ही बॅग कसली?

बायको : पाचची बस आहे. लेकीकडे चाललेय राहायला. तिच्या घरी कड्या आहेत.

फायरमन : मी तिला फोन करून सांगितलंय, लावत जाऊ नको म्हणून.

बायको : ऐका!

समुपदेशक : दादा, माझ्याकडे तुमच्यासारखेच येतात. आगीतले, ॲम्ब्युलन्सवरचे, पुरातून माणसं काढणारे. तुम्ही चार वेळा आलात आणि चारही वेळा गाडीच्या पंपाबद्दल बोललात. मला आता पंप उघडून जोडता येईल.

फायरमन : साहेबांनी पाठवलं म्हणून येतो. तुमची सही झाली की परत गाडीवर घेतील.

समुपदेशक : बाथरूमचीच कडी आधी का?

फायरमन : स्क्रू ढिले झाले होते.

बायको : कुणाचे ते मी सांगते.

समुपदेशक : वहिनी, जरा थांबा.

फायरमन : ...तिसरा मजला होता. सगळे उतरवले. एक रिटायर्ड मास्तर राहिले होते, बाथरूममध्ये. मी दार वाजवलं. आतून म्हणाले, "थांबा, कपडे घालतोय."

समुपदेशक : मग?

फायरमन : थांबलो.

बायको : थांबलात?

फायरमन : अगं, म्हातारा माणूस. आवाज असा, की मी एकदम वर्गात उभा. बावीस वर्षं दारं फोडतोय, कधी कुणाला विचारलं नाही. कुऱ्हाड हातातच होती.

समुपदेशक : किती वेळ थांबलात?

फायरमन : शर्टाची बटणं लावायला लागतो, तेवढा. मग आतलं छत खाली आलं. माझ्या बाजूचं नाही, आतलंच. दार फोडून काढलं त्यांना. बटणं सगळी लावलेली होती. गळ्याचंसुद्धा.

बायको : तुम्ही मला कधी...

फायरमन : अहवालात लिहिलंय, "कडी आतून लावलेली असल्याने विलंब." सगळा ठपका कडीवर. मी थांबलो होतो हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बायको : म्हणून मी गप्प झाले की...

फायरमन : तू गप्प झालीस की मला राहवत नाही.

समुपदेशक : दादा, त्या दिवशीचं मला पुसता येणार नाही. पण आज एक करून बघू या. ते तिथलं बाथरूम, त्याला कडी आहे. वहिनी, आत जाल? दादा दार वाजवतील. तुम्ही म्हणायचं...

बायको : कळलं मला काय म्हणायचं ते.

(आतून कडी लागते. बॅग खुर्चीपाशीच राहते.)

फायरमन : अगं.

बायको : हं.

फायरमन : झालं का?

बायको : थांबा.

समुपदेशक : श्वास सोडा, दादा. हात दारावरून खाली घ्या.

फायरमन : गाणं तरी म्हण.

बायको : नाही म्हणत. आहे मी इथेच.

फायरमन : तुझी पाचची बस चुकेल.

बायको : चुकू दे. थांबा.

फायरमन : ...थांबलोय.