अण्णा काय विसरले होते?

मंडळी, जरा सरसावून बसा! आधी एक सांगा — जो माणूस आपल्याला सारखा टोकतो, तो छळतो की जपतो? जपतो? वा! लगेच माना डोलल्या! आणि घरी गेल्यावर? "पुरे करा हो तुमचं!" — हेच ना?

तर ऐका. समुद्रकाठी वेळसर नावाचं गाव. तिथे अर्जुन तोडणकरांचं चार खोल्यांचं लॉज. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाहुणा आला की अण्णा खोलीची किल्ली पुढे करायचे — पण सोडायचे नाहीत! एक टोक पाहुण्याच्या हातात, दुसरं अण्णांच्या, आणि मधे पुराण सुरू!

"वाळूवर बाटली उघडायची नाही. गोव्याची बाटली इथे आणायची नाही. घ्यायचीच तर परवाना काढा, एका दिवसाचा दुकानातच मिळतो. पंचवीस वर्षं पुरी नसतील तर दारूचं नावच नको. गांधीजयंतीला ड्राय डे. आणि घेतलीत, तर गाडीची चावी या खिळ्यावर!"

सगळं ऐकून पाहुण्यानं "हो" म्हटलं, की मग किल्ली सुटायची. देवळातलं तीर्थसुद्धा इतक्या सायासानं मिळत नाही हो!

एका शनिवारी लेक आली. वैजयंती, घरची वैजू. पुण्याला नोकरी, बरोबर ऑफिसातली चार माणसं. तिनं अण्णांना आत नेलं, त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हळूच म्हणाली, "अण्णा, मोठ्या हुद्द्याची माणसं आहेत. आज तुमचं पुराण नको. मला लाज वाटते."

"बरं गो बाय," अण्णा म्हणाले.

आणि त्या दिवशी किल्ल्या नुसत्याच दिल्या! चाळीस वर्षांत पहिल्यांदा! हात पुढे, किल्ली पुढे, तोंड बंद. दुपारी बांगडे तळले, लेकीच्या पानात मोठा वाढला. "काटे बघून खा," एवढंच बोलले — तेही सवयीनं!

सूर्य बुडायला आला आणि पाहुण्यांनी वाळूवर मैफल मांडली. लेकही तिथेच, पण मोठ्या माणसांना टोकणार कशी? बाटली उघडली, तोच हवालदार परब दत्त म्हणून उभे! अण्णा पंचा सावरत धावत आले.

"अण्णा, तुमचे पाहुणे? आणि यांना नियम माहीत नाहीत?"

अण्णांनी लेकीकडे बघितलं. एकदाच. मग हात जोडले. "सांगायला विसरलो, परब. चूक माझी. वय झालं आता."

मंडळी, विसरलो म्हणाले हो! जो माणूस ताप असतानाही अंथरुणातून नियम सांगायचा, तो! आणि लेक? पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत उभी.

परबांनी बाटली घेतली, नावं लिहिली, समज दिली. रात्री जेवताना वैजू बोलणार होती. पण पाहुणे होते. तिनं मनात म्हटलं, सकाळी बोलू.

सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

तेराव्याला गाव जमलं. परब साध्या कपड्यांत आले, फोटोला हार घातला आणि चारचौघांत म्हणाले, "देवमाणूस! शेवटी शेवटी मात्र विसरायला लागला होता बिचारा." माणसं हळहळली. "हो ना, वय झालं होतं!"

झालं! चाळीस वर्षांची राखण, आणि गावानं आठवणीत ठेवलं काय — विसरभोळा म्हातारा!

आता, मंडळी, वैजूचं राहू द्या. तुमचं सांगा! तुमच्या वाटची चूक कुणी हात जोडून आपल्या अंगावर घेतली आहे का? ते माणूस अजून घरात आहे? मग इथे कशाला बसलाय? उठा, आधी घरी जा! वैजूला ती सोय उरली नव्हती.

ती उठली. खिळ्याजवळची खोलीची किल्ली काढून तिनं मुठीत धरली. घट्ट. अण्णा धरायचे तशी.

"परबकाका, थांबा," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "अण्णा काही विसरले नव्हते. मी त्यांना गप्प बसवलं होतं. मला त्यांची लाज वाटली होती."